गाळा, गाडी, वजन

रात्री दोन चाळीसला फोन वाजला तेव्हा
मला वाटलं, सर्व्हर मेला असेल.
पण मेलेल्याची तऱ्हा वेगळी:
दार ठोठावलं की लगेच ‘नाही’ येतं,
आणि नाही म्हणायला या शहरात कुणी लाजत नाही.
हा मात्र दार उघडत होता,
या, बसा, म्हणत होता,
आणि पाणी आणायला म्हणून आत गेला की
परत येत नव्हता.

बिबवेवाडी, तिसरा मजला, ओट्यावर लॅपटॉप.
प्रोसेसर दोन टक्के. मेमरी निवांत. डिस्कवर जागाच जागा.
सगळे आकडे निरोगी,
नाडी तेवढी नाही.

फोनवर मार्केट यार्डाच्या गेटवरचे मुजावर:
“म्याडम, पास निघंना. चक्र फिरतंय नुसतं.
गाड्यांची रांग गंगाधामापर्यंत गेली.
कोथिंबीर बसायला लागली.”

दुसऱ्या फोनवर दाभाडे: “रीस्टार्ट मारा ना.”
मारते. पण आधी पाच मिनिटं द्या.
आत्ता रीस्टार्ट म्हणजे
पंचनाम्याआधी फरशी पुसणं.

थ्रेड डंप काढला. दहा सेकंद थांबून दुसरा.
मग तिसरा.
तिन्हींत एक ओळ इकडची तिकडे नाही.
पन्नासच्या पन्नास कनेक्शनं कुणाच्या ना कुणाच्या मुठीत,
अठ्ठेचाळीस जण मागे उभे,
आणि सगळ्यांच्या पुढे दोघे:

गेट-सतरा. गाडीची नोंद धरून बसलाय,
गाळ्याची मिळेपर्यंत सोडणार नाही.
काटा-चार. गाळ्याची नोंद धरून बसलाय,
गाडीची मिळेपर्यंत सोडणार नाही.

भांडण नाही, आवाज नाही.
सांगितलं तसंच दोघे वागतायत.
मधेच घड्याळ बघा, एवढं मात्र
त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

कुणी म्हणजे कोण, ते शोधलं.
त्या ओळीसमोर माझंच नाव निघालं,
दोन वर्षांपूर्वीची तारीख, वर माझीच टीप:
‘तात्पुरतं. नंतर बघू.’
ते नंतर आज उगवलं,
तीन वाजून सहा मिनिटांनी,
गॅसवरचं दूध उतू जात असताना.

गेटच्या कोडातली खालची ओळ वर घेतली.
वाट बघायला हद्द घातली, पाच सेकंद.
दोनदा तपासलं. मग मारला रीस्टार्ट.

तीन बत्तीसला पहिला पास निघाला.
“मुजावर, सोडा आता गाड्या.”
“त्या कवाच सोडल्या, म्याडम.
अर्धा तास झाला. वहीत लिहून.”

सातला स्कूटर काढून गेले, वही आणायला.
गेटपाशी ओली पोती, तुडवलेली मेथी,
मुजावर खुर्चीत मफलर सोडत होते.
त्र्याहत्तर गाड्या, निळ्या पेनात,
एकेचाळीसनंतर लाल, पेन संपलं म्हणून.
एका पानावर चहाचं वर्तुळ.
सासवडच्या एका टेम्पोपुढे शेरा:
‘नंबर दिसेना. पोरगं ओळखीचं.’
आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर, पट्टीनं आखून,
तेच तीन रकाने: गाळा, गाडी, वजन.

विचारलं, गाळा का आधी?
गाडी तर आधी समोर येते.
ते हसले नाहीत. म्हणाले,
“गाळाच मोकळा न्हाई
तर गाडी आत घेऊन उभी करायची कुठं?”

घरी येऊन एकेक नोंद चढवत बसले.
आधी गाळा, मग गाडी, मग वजन.
भराभर चाललं होतं, बोटांना वळण लागलं होतं,
त्या सासवडच्या टेम्पोपाशी येईपर्यंत.
नंबराचा रकाना रिकामा ठेवून
सिस्टीम पुढे जाऊ देईना.
ओळखीचं पोरगं लिहायला तिथे
मी जागाच ठेवलेली नव्हती.